सव्वाबाराची नावं

१

बारा वाजून दहा मिनिटांनी झिनेता मायक्रोफोनवरची फोमची टोपी काढायची, खालच्या जाळीवर बोट फिरवायची आणि टोपी पुन्हा चढवायची. तीस वर्षांची सवय. मायक्रोफोन हनुवटीच्या जरा बाजूला हवा, तोंडापासून चार बोटांवर. अगदी समोर आला की 'प' आणि 'भ' फटाक्यासारखे फुटतात. लांब गेला की आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. ओठ टेकवून बोललं तर नको तेवढा खर्ज चढतो, पुढाऱ्यांना भाषणात आवडतो तसला.

गावाच्या रेडिओकडे भारी मायक्रोफोन नव्हते आणि त्यांचा इथे उपयोगही नव्हता. स्टुडिओच्या भिंतीपलीकडे इमारतीचा बॉयलर धडधडायचा, खालच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जायचे. अशा खोलीत साधा डायनॅमिक मायक्रोफोनच बरा. आत पातळ पडदा, पडद्याला तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती लोहचुंबक. त्याला वीज लागत नाही. तो जवळचं तेवढंच ऐकतो. बॉयलर, ट्रक, शेजारच्या खोलीतली भांडणं, काही त्याच्या कानावर जात नाही. वीतभर अंतरात येऊन बोलेल त्याचंच तो ऐकणार.

बारा ते सव्वाबारा राजधानीहून येणाऱ्या बातम्या आणि सव्वाबाराला मृत्यूच्या सूचना. बोस्नियातल्या त्या खाणगावात बातम्या कुणी ऐको न ऐको, सूचना सगळे ऐकायचे. बेकरीवाला रेडिओचा आवाज वाढवायचा, सलूनमध्ये कात्री थांबायची. कोण गेलं, दफन किती वाजता, प्रार्थना कुणाच्या घरी. नाव वाचून झालं की लोक हातातलं काम टाकून त्या घरी जायला निघायचे.

ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी तीन नावं होती. दुसरं नाव संपवून झिनेताने कागद उलटला. कागदाची सळसळ मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून ती अशा वेळी श्वास रोखून धरायची. हेडफोनमध्ये शांतता होती.

त्या शांततेत कुणीतरी श्वास सोडला.

२

आंतो तंत्रज्ञ होता. साठी उलटलेला, तोंडाळ, आणि स्टुडिओतल्या प्रत्येक तारेशी त्याची भांडणं झालेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तो तुमचाच श्वास. वय झालं की भात्याला भोकं पडतात."

"माझा श्वास मला ओळखता येतो, आंतो. तीस वर्षं तो टेपमधून कापून काढतेय मी."

मंगळवारी त्याने तार बदलली. बुधवारी फोम कोमट पाण्यात साबण घालून धुतला आणि सावलीत दिवसभर वाळवला. जाळीचा आटा सोडून ती दातांच्या ब्रशने घासली. मायक्रोफोन उलटा धरून, घाण आत पडद्यावर न पडता खाली पडावी म्हणून. गुरुवारी त्याने कपाटातला दुसरा मायक्रोफोन काढून बसवला.

गुरुवारी चार नावं होती आणि चार श्वास.

शुक्रवारी झिनेताने प्रत्येक नावानंतर नाक चिमटीत धरलं. आंतो काचेपलीकडे हेडफोन लावून बसला होता. तिसऱ्या नावानंतर त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. कार्यक्रम संपल्यावर त्याने रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावलं. श्वासाला खर्ज होता. ज्याने तो सोडला होता त्याचे ओठ जाळीला टेकलेले असले पाहिजेत.

"खोलीत तुमच्याशिवाय कोण होतं?" आंतोने विचारलं. तो स्वतः काचेपलीकडे बसून तिलाच पाहत होता, तरी विचारलं.

झिनेता विचार करणारी बाई होती. युद्धाच्या बातम्या तिने दिल्या होत्या, तीन महापौरांना तिने तोंडघशी पाडलं होतं. भूतबाधेच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ती स्टुडिओच्या दाराशीही उभं करत नसे. तिने स्वतःला बजावलं, की आवाज आहे म्हणजे त्याला वाट आहे. वाट शोधायची.

३

त्याच शुक्रवारी नेहमीप्रमाणे हसिबाताई खिडकीशी आली. काळा स्कार्फ, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत काहीच नाही.

"आज वाचू नकोस," ती म्हणाली.

"नाही वाचत, हसिबाताई."

सात महिने रोज एवढंच बोलणं. हसिबाताईचा मुलगा नुरिया खाणीतल्या सात जणांपैकी एक. सगळ्यांत धाकटा.

फेब्रुवारीत खाणीच्या चार नंबरच्या गॅलरीत, म्हणजे कोळशाच्या बोगद्यात, आग लागली आणि छत कोसळलं. सात माणसं आत राहिली. कंपनीने त्याला 'दुर्दैवी घटना' म्हटलं. कंपन्यांना हे शब्द आवडतात, कारण त्यात कुणी काही केलेलं नसतं. दोन दिवस बायका खाणीच्या फाटकासमोर चिखलात बसून होत्या, आणि त्या बसल्या होत्या तोवर गॅलरीच्या तोंडाशी भिंत बांधून आग गुदमरवायची कंपनीची हिंमत नव्हती. आग विझली नाही तर शेजारची चांगली गॅलरी जाणार होती. घाई त्याची होती.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता कंपनीचा प्रसिद्धीवाला एक पाकीट घेऊन स्टुडिओत आला. सात सूचना, टाइप केलेल्या, शिक्का मारलेल्या. रेडिओचा नियम गावात शेंबड्या पोरालाही माहीत होता: सूचना घरचं माणूस आणतं, डॉक्टरचा कागद दाखवतं, मगच ती वाचली जाते. घरचं कुणी नव्हतं. डॉक्टरचा कागद नव्हता. झिनेताने हे विचारलं. प्रसिद्धीवाला म्हणाला, की खात्री झाली आहे, आणि राजधानीचा टीव्ही एक वाजता देणारच आहे.

तिला टीव्हीच्या मागे राहायचं नव्हतं. खरं कारण एवढंच होतं. सव्वाबाराला तिने सात नावं वाचली आणि वर शोकसंगीत लावलं.

फाटकाशी कुणाच्या तरी हातात रेडिओ होता. नावं वाचली गेली म्हटल्यावर त्या गावात पुढे काय करायचं हे ठरलेलं असतं. बायकांना उठवून घरी नेलं. शेजारणी प्रार्थनेला जमल्या, पुरुष दारात उभे राहिले, कॉफी उकळायला लागली. तासाभरात फाटक रिकामं झालं. चार वाजेपर्यंत भिंत उभी होती.

सगळ्यांत हसिबाताई एकटीच प्रार्थनेला बसली नाही. मी दिला नाही तो कागद वाचला कसा, एवढंच ती विचारत राहिली.

आता सरकारी वकिलांपुढे प्रकरण होतं आणि पुढच्या शुक्रवारी ते बंद होणार होतं. कंपनीचं म्हणणं, सातही जण पहिल्याच क्षणी गेले. मग भिंत बांधली यात कसला गुन्हा? उलट पुरावा कुणाकडेच नव्हता.

४

शनिवारी रेडिओला अर्धी सुट्टी. आंतोने तारांचं कपाट भिंतीपासून ओढून मोकळं केलं आणि झिनेताला हाक मारली. मागे धुळीत कापडाचं वेष्टण असलेल्या तारांच्या दोन जोड्या होत्या. भिंतीतल्या नळीतून त्या वर येत होत्या आणि आवाजाच्या टेबलाला मागच्या बाजूने डाख देऊन जोडलेल्या होत्या. जोडणीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: चार नंबर.

मग तिला आठवलं. हे रेडिओ केंद्र मुळात खाणीनेच काढलं होतं, तिच्या लहानपणी. गॅलऱ्यांमध्ये भोंगे टांगले होते. जेवणाच्या सुट्टीत खाणकामगार दुपारच्या बातम्या ऐकायचे. काही गडबड झाली तर खालून वर बोलता यावं म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन भोंगे असायचे. एकातून आवाज खाली जायचा, दुसऱ्यातून वर यायचा.

"भोंग्यातून वर?" तिने विचारलं.

आंतो टेबलाच्या कडेवर टेकला. "भोंगा आणि मायक्रोफोन एकच वस्तू, बाई. पडदा, वेटोळं, चुंबक. तारेतून आवाज दिला की पडदा हलतो, तो भोंगा. पडद्यासमोर बोललं की तारेतून आवाज येतो, तो मायक्रोफोन. उलटसुलट." जरा थांबून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे न बघता. "खाली वीज तोडलीय फेब्रुवारीत. पण त्याला लागतच नाही."

जाणारा आवाज इथूनच ढकलला जात होता. येणारा आवाज इथेच मोठा होत होता. खाली फक्त लोखंडी भोंगा, आणि त्याच्याजवळ कुणीतरी.

झिनेताने विचारलं, की ही जोडणी किती वर्षं चालू आहे. आंतो म्हणाला, कुणी कधी काढलीच नाही.

वाट सापडली होती. तिला बरं वाटायला हवं होतं. पण सात महिने बंद असलेल्या गॅलरीत श्वास सोडणारं कोण, याचं उत्तर त्या वाटेवर नव्हतं. वारा असेल, तिने स्वतःला सांगितलं. पाण्याचा दाब असेल. मग वारा नाव संपेपर्यंत थांबतो कसा, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

५

रेडिओत सगळं प्रसारण साठवलेलं असतं. सोमवारी सकाळी तिने फेब्रुवारीतला तो दिवस लावला. हेडफोनच्या एका बाजूने ती ऐकत होती, दुसऱ्या बाजूने आंतो.

तिचा स्वतःचा आवाज. स्वच्छ, संथ, चार बोटांवरून. पहिलं नाव, वडिलांचं नाव, जन्मवर्ष. मग अर्ध्या सेकंदाची जागा. त्या जागेत, फार खाली, एक माणूस काहीतरी म्हणाला.

आंतोने तिच्या आवाजाची पातळी खाली केली आणि त्या जागेची वर आणली.

"आहे."

दुसरं नाव. जागा. "आहे," दुसऱ्या आवाजात.

खाणीच्या गावात वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. पाळी सुरू होताना मुकादम नावं पुकारतो आणि प्रत्येक जण हजेरी देतो. त्यांना वाटलं होतं वर हजेरी चालली आहे. त्यांना वाटलं होतं कुणीतरी मोजतंय.

तिसऱ्याने दिली. चौथ्याने दिली. पाचव्या नावापाशी आवाज आला नाही, कुणीतरी खोकलं आणि तेवढ्याने भागवलं. सहाव्याच्या आधी तिच्याच आवाजात, रेकॉर्डिंगमध्ये, वाक्य होतं: दफनाची वेळ नंतर कळवण्यात येईल. त्यानंतरच्या जागेत कुणी काही बोललं नाही. समजायला त्यांना तेवढा वेळ लागला होता.

सातवं नाव नुरिया. आणि लगेच तिने शोकसंगीत लावलेलं होतं.

संगीताखाली सात माणसं ओरडत होती. चार मिनिटं. संगीत चार मिनिटांचंच होतं. पुढे हवामान आणि टायरच्या दुकानाची जाहिरात.

आंतोने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. झिनेताला रडू आलं नाही. तिने घड्याळ पाहिलं, बारा वाजत आले होते, आणि त्या दिवशीची दोन नावं टेबलावर पडलेली होती.

ती तिने वाचली. दोन्ही नावांनंतर श्वास आला.

६

सरकारी वकील बाई तरुण होती, थकलेली. तिने रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, दार लावून घेतलं आणि झिनेताला सरळ सांगितलं, की हे दाखल करायचं तर नियम मोडून नावं कुणी वाचली तेही दाखल होईल. सही झिनेताची लागेल. नोकरी जाईल, कदाचित खटलाही चालेल. झिनेताने पेन मागितलं.

संध्याकाळच्या आत कंपनीच्या प्रसिद्धीवाल्याचा फोन आला. आधी तो तिच्या तब्येतीबद्दल बोलला, मग तिच्या वयाबद्दल, मग बनावट रेकॉर्डिंग हल्ली कुणीही करतं याबद्दल. शेवटी म्हणाला, "झिनेताबाई, तुम्हीच मारलंत त्यांना सव्वाबाराला. आम्ही फक्त भिंत बांधली."

तिने फोन ठेवला. पहिल्यांदाच तो खरं बोलला होता, निदान अर्धं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, भिंत फोडायचा आदेश निघाला. सकाळपासून बचावपथक घणाचे घाव घालत होतं. झिनेताला अजून काढलेलं नव्हतं, म्हणून सव्वाबाराला ती मायक्रोफोनपुढे होती. पाच नावं. हेडफोनमध्ये घण ऐकू येत होते, लांबून, दगडातून. तिसऱ्या नावापाशी तिची नजर घसरली आणि तिने खालच्या ओळीतलं नाव वाचलं: मिलका. लगेच माफी मागून तिने दुरुस्त केलं: यागोदा. तीस वर्षांत असं चारदाच झालं असेल.

घणांच्या मध्ये, अगदी जवळून, श्वास येतच होता. आतून भिंतीवर कुणी उलटा ठोका देत नव्हतं. हाक देत नव्हतं.

७

दोन वाजता भिंत पडली. तीन वाजता झिनेता खाली होती. वार्ताहराचं ओळखपत्र तिने अजून परत केलेलं नव्हतं.

गॅलरी चाळीस पावलांवर संपत होती. पुढे कोसळलेला दगड, छतापर्यंत, उंदीर जाईल एवढीही फट नाही. भोंगे पंपाच्या खोलीजवळ होते, तिथली भिंत चुन्याने रंगवलेली. भोंग्यांच्या खाली ओळीने सहा जण झोपवलेले. प्रत्येकाच्या अंगावर त्याचा कोट, चेहऱ्यापर्यंत ओढून नीट खोचलेला. सहाव्याचाही.

पथकाचा प्रमुख बत्ती घेऊन दोनदा मोजत गेला. मग त्याने कोसळलेल्या दगडापर्यंत जाऊन पाहिलं आणि परत येऊन पुन्हा मोजलं.

झिनेताने आपली बत्ती वर केली.

चुन्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं. वरती सात नावं, तिने वाचली होती त्या क्रमाने. त्यांच्याखाली दुसरी नावं. फेब्रुवारीत गेलेला शाळेचा शिपाई. मार्चमधली जुळी बाळं. साबिरा, स्तिपे, कोपऱ्यावरचा घड्याळजी. रकाने भिंतभर गेले होते, मग वळून पंपाच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर, पंपाच्या लोखंडावर. अक्षर एकाच हाताचं. सुरुवातीला मोठं होतं, जागा कमी पडेल असं लक्षात आल्यावर बारीक केलेलं.

शेवटचा रकाना तिने खालून वर वाचला. पाच नावं. मधल्या ओळीत मिलका लिहून त्यावर रेघ मारली होती, आणि शेजारी यागोदा.

भुकटी अजून अक्षरांवर सुटी होती. फुंकर घातली असती तर उडाली असती. तिने फुंकर घातली नाही. फोनवर एक फोटो काढला.

मागून कंपनीचा माणूस आला, पक्कड घेऊन. पुरावा सुरक्षित ठेवायचा म्हणून, त्याने सांगितलं, आणि भोंग्यांच्या तारा मुळापासून कापल्या.

८

बुधवारी प्रसिद्धीवाल्याने पत्रक काढलं: भिंतीवरचा मजकूर बचावपथकातल्या कुणा भावनाविवश माणसाने लिहिला असावा. सातव्या कामगाराचा शोध चालू आहे. डॉक्टरचा कागद आला, सहाच जणांचा, आणि त्यावर होतं की शेवटचा माणूस आगीनंतर नऊ दिवसांनी गेला. प्रकरण आता शुक्रवारी बंद होणार नव्हतं. झिनेताची नोकरी महिनाअखेरीस जाणार होती.

हसिबाताई अकरालाच खिडकीशी आली. या वेळी झिनेताने तिला आत घेतलं, खुर्ची दिली, कॉफी दिली. काय सांगायचं हे तिने रात्रभर ठरवलं होतं. ते सगळं सोडून तिने फोटो पुढे केला.

म्हातारीने फोन डोळ्यांशी धरला. बराच वेळ धरला.

"अक्षर त्याचंच," ती म्हणाली.

"हसिबाताई, तिथे कुणी नव्हतं. मी स्वतः पाहिलं. बाहेर जायला वाट नाही."

"तू किती भरभर वाचतेस ठाऊक आहे का तुला?" हसिबाताईने फोन परत दिला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. शाळेत शिक्षकाला सांगावं तसं ती सांगत होती. "लिहायला फार सावकाश आहे तो. पहिल्यापासून. मागे पडतो आणि मग घाबरतो."

तिने कॉफी संपवली आणि गेली. आज वाचू नकोस, असं ती म्हणाली नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी आंतोने आत येऊन सांगितलं, की इथली बाजूही त्याने उपटली आहे. चार नंबरच्या तारा त्याच्या हातात होत्या, गुंडाळी करून. टेबलाला आता एकच तार जोडलेली होती, तिच्या समोरच्या मायक्रोफोनची. तो काचेपलीकडे जाऊन बसला. हेडफोन त्याने लावला नाही.

तीन नावं होती. झिनेताने पहिलं वाचलं. वडिलांचं नाव, जन्मवर्ष, दफनाची वेळ. मग तिने ओठ मिटले आणि थांबली. सेकंद काटा सरकत होता. सात. आठ. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे बिघाड समजतात; फोन वाजायला लागतील, हे तिला माहीत होतं. बेकरीत कुणीतरी रेडिओवर थाप मारली असेल.

अकराव्या सेकंदाला श्वास सुटला. जाळीच्या इतक्या जवळून, की फोमची बारीक छिद्रं हलल्यासारखी वाटली.

मग तिने दुसरं नाव घेतलं, अक्षर अक्षर सुटं करून, आणि अंधारात एका माणसाला ते लिहून व्हायला जेवढा वेळ लागेल तेवढी थांबली.